‘डॉक्टर लिहितात, नर्स देते’: व्हायरल मेसेजला एका सिस्टरचं उत्तर

एक मेसेज गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे चार ग्रुपवरून आला, त्यातला एक आमच्याच सोसायटीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘नर्सिंगला उगाच मोठं करून ठेवलंय. डॉक्टर लिहितात, नर्स तेवढं देते. इंजेक्शन-सलाईन सहा महिन्यांत कोणीही शिकतं. पेशंटचं बाकी सगळं नातेवाईक आणि मावशीच करतात. सिस्टर आपली टेबलापाशी लिहीत बसलेली.’

मी २३ वर्षं सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. मेसेज वाचून वाईट वाटलं, पण त्याहून जास्त काळजी वाटली. ज्या घरात हे खरं मानलं जातं, त्या घरातला माणूस उद्या ॲडमिट झाला की सिस्टरला काय सांगायचं, काय विचारायचं हेच घरच्यांना सुचत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘डॉक्टर लिहितात, नर्स तेवढं देते.’

औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा, यात वादच नाही. पण डॉक्टर राउंडला पेशंटपाशी पाच-दहा मिनिटं असतात. उरलेला सगळा दिवस आणि रात्र पेशंट आमच्या नजरेखाली असतो, आणि त्या वेळात काय बघायचं, कशाला घाबरायचं, कधी फोन करायचा हे कुठल्याही केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

एक नाईट सांगते. आतड्याचं ऑपरेशन होऊन आलेला पस्तिशीचा पेशंट. रात्री ८ ला हँडओव्हर घेतला तेव्हा नाडी ८८, बीपी १२०/८०, ड्रेसिंग कोरडं. ९ ला नाडी ९६. १० ला १०८, बीपी मात्र ११६/८०. तो सारखी चादर ओढत होता, पाणी मागत होता. पंजे हातात घेतले तर गार. युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, तासाभरात जेमतेम १५ मिली लघवी. मोठ्या माणसाला तासाला ३० मिली तरी हवी. भाऊ म्हणाला, ‘सिस्टर, दुखतंय त्याला, इंजेक्शन द्या म्हणजे झोपेल.’ दुखण्याचं इंजेक्शन ऑर्डरमध्ये होतंच. ते टोचून मी पुढच्या बेडकडे जाऊ शकले असते.

पण तरुण माणसाचं शरीर आत रक्त वाहत असतानाही बराच वेळ बीपी धरून ठेवतं. आधी नाडी पळते, हातपाय गार पडतात, लघवी आटते. बीपी कोसळतं ते सगळ्यात शेवटी, आणि तोवर उशीर झालेला असतो. मी साडेदहाला पुन्हा नाडी घेतली, १२२. फोनवर डॉक्टरांना ‘पेशंट बरा वाटत नाही’ असं मोघम न बोलता हे सगळे आकडे वेळेसकट सांगितले आणि ‘सर, आत्ता या’ म्हटलं. पोटात रक्तस्राव होत होता. तो माणूस नंतर चालत घरी गेला. दर अर्ध्या तासाने नाडी बघा, असं त्या रात्री कोणीही लिहून ठेवलेलं नव्हतं.

लिहिलेली किंवा तोंडी सांगितलेली ऑर्डरसुद्धा डोळे झाकून पाळायची नसते. पोटॅशियम क्लोराइडचं (केसीएल) अँप्युल पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं. गडबडीत कोणी ‘केसीएल द्या’ एवढंच म्हणालं, तर किती, कशात मिसळून, किती वेळात हे विचारायचं, लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, आणि शंका असेल तर थांबायचं. ही जबाबदारी सिस्टरची स्वतःची आहे. ‘सरांनी सांगितलं म्हणून दिलं’ हे उत्तर माझ्या मनाला तरी कधी पुरणार नाही.

‘सहा महिन्यांत कोणीही शिकतं.’

सुई टोचायला एका आठवड्यात शिकवता येतं. मी शिकवलंय. पण नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत एएनएमला २ वर्षं, जीएनएमला ३ आणि बीएस्सी नर्सिंगला ४ वर्षं लागतात, आणि पुढे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, ती सुईसाठी नाही.

इन्सुलिनचंच बघा. आपल्याकडे ते दोन ताकदींत मिळतं: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटच्या अंगात ५० युनिट जातात. म्हणजे अडीचपट. थोड्या वेळाने घरच्यांना वाटतं आजोबा झोपलेत, आणि आजोबांची साखर पार खाली गेलेली असते. सुई दोन्ही वेळा तितकीच सफाईने टोचलेली असते. (घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग आज एकदा जुळवून बघा.)

म्हणून प्रत्येक औषधाला योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ बघावी लागते. नाव आम्ही पेशंटच्या तोंडून वदवून घेतो. ‘तुम्हीच पाटील ना?’ असं विचारलं तर गुंगीतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो.

‘बाकी सगळं नातेवाईकच करतात.’

यात खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. आमच्या वॉर्डात ५२ पेशंट आणि दोघी सिस्टर अशा रात्री मी काढल्या आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ३ पेशंटमागे १ आणि इतर रुग्णालयात ५ मागे १ नर्स असा आहे. तेवढी माणसं भरली जात नाहीत म्हणून कूस बदलायचं, अंग पुसायचं काम मुलगी किंवा सून करते. त्याचा राग मलाही येतो. पण त्यावरून हे काम कोणीही करण्यासारखं आहे असं ठरत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, इतपत सगळ्यांना माहीत असतं. पण त्या वेळी माकडहाड, टाचा, घोटे, खांदे उघडून बघायचे असतात. लाल डाग दिसला की त्यावर बोट दाबून सोडायचं. दाबूनही जागा पांढरी झाली नाही, लालच राहिली, तर आत इजा सुरू झालीय. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हाताने तपासायचं: आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक लागतंय का. नेमक्या अशा जागेवर घरची माणसं मायेने तेल लावून जोरात चोळतात, आणि दुखावलेली कातडी आणखी फाटते. त्यांना दोष देता येत नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगणं, करून दाखवणं, पुन्हा येऊन बघणं हे आमचं काम.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग आठवा. १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ ला जाईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. तिथल्या नर्सच्या कितीतरी बॅचेसनी त्यांना भरवलं, पुसलं, सांभाळलं. इतक्या वर्षांत एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. ज्यांनी महिनाभर घरात एक आजारी माणूस सांभाळलाय, त्यांना याचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

‘सिस्टर लिहीत बसलेली असते.’

हो, बसते. किती सलाईन गेलं, किती लघवी झाली, कुठल्या वेळी ताप किती, रक्त कधी लावलं आणि पहिल्या १५ मिनिटांत थंडी वाजली का. सकाळी ८ ला माझ्या जागी येणारी सिस्टर आणि दुपारचे डॉक्टर त्या पानावरूनच पेशंट ओळखतात.

त्या आतड्याच्या पेशंटच्या वेळी डॉक्टर धावत आले तेव्हा बीपी अजून ११०/७८ होतं आणि तो बोलत होता. त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं. त्यावर नाडीचे चार आकडे होते: ८८, ९६, १०८, १२२, प्रत्येकापुढे वेळ. त्यांनी ते बोटाने वरून खाली एकदा वाचले आणि म्हणाले, ‘सिस्टर, थिएटरला कळवा. रक्ताच्या दोन पिशव्या मागवा.’