बायको म्हणाली, लेबर रूममध्ये तू नको

गुरुवारी सकाळी ७ ला ॲडमिट व्हायचंय. हिला मधे शुगर निघाली, आता 39 आठवडे होतायत, तर कळा आपोआप यायची वाट बघत बसण्यापेक्षा आणूया असं मॅडम म्हणाल्या, म्हणजे इंडक्शन. दवाखान्याचा नियम असा की आत सोबतीला एक माणूस चालेल, पण नाव आधी सांगून ठेवा. मी म्हटलं त्यात सांगायचं काय, मी आहेच की. तर ही शांतपणे म्हणाली, तू नको, वहिनी चालेल.

वहिनी म्हणजे तिच्या भावाची बायको, मागच्या वर्षी तिचंही असंच, कळा आणायचं जेल आत ठेवून बाळंतपण झालं. मी तेव्हा काही बोललो नाही, पण संध्याकाळी पोवई नाक्याजवळ कट्ट्यावर आलो (कट्टा म्हणजे बंद पडलेल्या एसटीडी बूथच्या तीन पायऱ्या आणि शेजारी अण्णांची टपरी) तेव्हा तोंड पाडूनच आलो असणार, कारण सुऱ्याने चहा यायच्या आतच विचारलं, कुणी मेलं का रे?

सांगितलं. आणि मग काय, तासभर पेटलंच.

पक्या म्हणाला, अरे हे चूक आहे, नवरा पाहिजेच आत, मी होतो ना, बेंगलोरला वेगळी रूम होती, म्युझिक लावलं, मी नाळ कापली, फोटो दाखवू का? आम्ही सगळे एकदम नको म्हणालो. तो फोटो आम्ही आजवर दहादा पाहिलाय.

सुऱ्याचं म्हणणं बरोब्बर उलटं. तो म्हणे मला आत घेतला, मी पाच मिनिटांत गार, सिस्टर बायकोला सोडून मलाच पाणी मारत बसल्या, डॉक्टर म्हणाले ह्यांना आधी बाहेर घ्या. तेव्हापासून सासुरवाडीत माझं नाव काय पडलंय ते तुम्हाला माहितीय. (माहितीय, इथे लिहिण्यासारखं नाही.)

अण्णा गाळणी झटकत म्हणाले, ह्यो काय नवीन खूळ, आमची मंडळी चार येळा बाळंत झाली, चारी येळा मी रानात होतो, सांगावा आला की यायचो, पेढे वाटायचो. बाप्याचं काय काम तिथं?

आता गंमत बघा, पक्या आणि अण्णा दोघं विरुद्ध टोकाचं बोलत होते, पण दोघांच्याही बोलण्यात बाळंत होणारी बाई कुठेच नव्हती. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय, तिथे मी फक्त पक्याच्या बाजूने मान हलवत होतो.

तेवढ्यात मेघाताई आली. सुऱ्याची थोरली बहीण, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, लेबर रूममध्येच बारा वर्षं काढलीत. ड्युटी संपली की ती टपरीवर गाडी उभी करून उभ्या उभ्या चहा घेते. सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ती नको का म्हणाली ते विचारलंस का?

विचारलं होतं. हिचं उत्तर असं की, मागे मला डेंग्यू झाला तेव्हा माझं रक्त काढताना तू भिंतीला धरून उभा होतास, मीच तुला म्हणत होते बस बस, आता कळा चालू असताना मी तुझा चेहरा सांभाळू का माझं बघू?

कट्ट्यावर दोन सेकंद शांतता. मग सुऱ्या हसला आणि म्हणाला, ये रे माझ्या पार्टीत.

मेघाताई म्हणाली, बायको हुशार आहे तुझी. पण तुम्हा सगळ्यांचा एक घोळ आहे, तुम्ही बोलताय ते शेवटच्या अर्ध्या तासाबद्दल, बाळ बाहेर येतं त्याबद्दल. इंडक्शन म्हणजे तेवढं नसतं. सकाळी ७ ला जाणार म्हणजे दुपारी पेढे, असं डोक्यात असेल तर काढून टाक. पहिलटकरीण आहे, गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट असेल तर आधी ते मऊ करायला जेल ठेवतात, नाहीतर गोळी, नाहीतर फुगा, म्हणजे टोकाला फुगणारी नळी, ते फोलीज कॅथेटर. जेल ठेवलं की थोडा वेळ पडून राहायचं, पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके बघायचे, मग सहा तासांनी तपासायचं, तोंड उघडलं नसेल तर परत जेल. मग कधीतरी पाणमोट फोडणार, सलाईनमधून कळांचं औषध चालू करणार, ते थेंबाथेंबाने वाढवत न्यायचं. एक दिवस आरामात जातो, दीड-दोनही जातात. त्यातले पहिले कित्येक तास म्हणजे नुसतं ओटीपोटात दुखतंय, कंबर भरून आलीय, आणि सिस्टर येऊन म्हणतात अजून काहीच नाही हो, दोन सेंटिमीटरच आहे. तिथे बाई खचते. बारा वर्षं बघतेय मी, ओरडायच्या वेळी बाया खचत नाहीत, ह्या वाट बघण्यात खचतात. आणि नेमकं तेव्हाच सोबतचा माणूस बाहेर बाकड्यावर, कारण सगळ्यांना वाटतं खरं बाळंतपण अजून सुरूच झालेलं नाही.

पक्याला एकदम आठवलं, त्याचा मावसभाऊ इंग्लंडला असतो, 2020 ला कोविडमध्ये त्याच्या बायकोला इंडक्शनला घेतलं, वॉर्डात ती एकटी आणि हा दीड दिवस पार्किंगमध्ये गाडीत, कळा नीट धरल्यावरच आत या म्हणाले. तो बाळ व्हायच्या आधी पोचला, सगळं छान झालं, पण त्याची बायको आजही सांगताना डिलिव्हरीबद्दल बोलत नाही म्हणे, त्या दीड दिवसाबद्दल बोलते.

मी म्हटलं ताई, पण सरकारी दवाखान्यात तुम्ही तर कुणालाच आत घेत नाही. (थोडा राग होताच, कुणावर तरी काढायचा होता.)

ती म्हणाली, नियम माहीत नसताना बोलू नये. केंद्र सरकारने 2016 ला लिहून दिलंय की सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला बाईसोबत एक माणूस राहू द्या, डिसेंबर 2017 ला लक्ष्य म्हणून कार्यक्रम आला लेबर रूम सुधारायचा, त्यातही हे आहे, आम्हाला ट्रेनिंग झालं. तमिळनाडूने तर 2004 लाच चालू केलं होतं. आमच्याकडे घेतो आम्ही, पण बाई, शक्यतो जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय अशी. नवरा तिथेच चालतो जिथे आडोसा नीट आहे. टेबलाला टेबल लागून, मधे एक पडदा, शेजारच्या बाईची अवस्था काय असते तुला कल्पना आहे? तिच्याही खाजगीपणाचा विचार नको? एखादीला नवरा हवा हे ठीक, पण शेजारणीने काय पाप केलंय?

ह्यावर पक्याकडेही उत्तर नव्हतं, त्याची आपली वेगळी रूम आणि म्युझिक. मला मात्र वाटतं की हे उत्तर अर्धंच आहे. पडदे नाहीत म्हणून नवरा नको, हे आज पटतं, पण मग पडदे लावा, पार्टिशन टाका, त्याला किती खर्च येतो? मी तसं म्हणालो तर ताई म्हणाली, ते मला नको सांगू, वर सांग. आणि हसली, पण थकलेलं हसू होतं.

पक्या मोबाईल काढून बसला होता, म्हणाला, हे बघा, 2017 चा मोठा आढावा आहे, 17 देशांतले 26 अभ्यास, पंधरा हजारांवर बायका, सतत सोबत कुणी असेल तर सिझर कमी होतात, कळांचा वेळ साधारण 40 मिनिटांनी कमी होतो. सुऱ्या म्हणाला, बस? दोन दिवसांत 40 मिनिटं? ताईने त्याच्या डोक्यात टपली मारली, म्हणाली, तुला 40 मिनिटं कळा येऊ देत मग बोल. आणि पक्या, त्यात नवराच पाहिजे असं कुठे लिहिलंय दाखव. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 ला सांगितलंय तेही बाईच्या पसंतीचा माणूस असंच, नवरा म्हणून नाही, आई म्हणून नाही.

आई म्हटल्यावर मी गप्प झालो, कारण घरी अजून आईला सांगितलेलंच नाही. तिने गृहीत धरलंय की तीच जाणार, आणि सासूबाईंनी गृहीत धरलंय की त्या, पहिलं बाळंतपण माहेरचं ना. वहिनीचं नाव कळलं की दोन्हीकडून एकच वाक्य येणार, मी काय मेले होते का.

अण्णांना आता राहवेना, म्हणाले पोरी, एवढी सुया-जेल कशापायी, आदल्या रातीला एरंडेल पाजायचं दुधातनं, तूप घालून, सकाळपत्तुर मोकळी. ताई अक्षरशः कप ठेवून वळली. अण्णा, म्हणाली, हे तुम्ही ह्याच्या आईसमोर बोलू नका बरं का, एरंडेल पिऊन आलेल्या बाया मी बघते, जुलाब, उलट्या, जीव अर्धा झालेला असतो, वर कळा काढायच्या असतात. सोबतचं माणूस कशाला नीट निवडायचं, ह्याच्यासाठीच. आम्ही पाठ फिरवली की पदराआडून थर्मास निघतो.

मग मी विचारलं की वहिनी आत जाऊन करणार काय नेमकं. कारण माझ्या डोळ्यासमोर हात धरणं ह्याच्यापलीकडे काही येत नव्हतं.

ताई म्हणाली, चालवायचं. पट्टा लावलेला नसेल तेव्हा चालवायचं, कूस बदलायची, कंबर दाबून द्यायची, बाथरूमला न्यायचं, डॉक्टरांना विचारून घोट घोट पाणी द्यायचं. डॉक्टर येऊन भराभर बोलून जातात, तिच्या डोक्यात कळ असते, तिला काही ऐकू येत नाही, ते सोबतच्याने ऐकायचं, परत समजावून सांगायचं. आणि लक्ष ठेवायचं. औषधाच्या कळा कधी कधी एकावर एक चढतात, मधे उसंतच मिळत नाही, दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त यायला लागल्या तर ताबडतोब सिस्टरला बोलवायचं, औषध कमी करावं लागतं नाहीतर बंद. पाणी गेलं आणि ते हिरवट असलं, लाल जास्त जायला लागलं, बाळ हलेना झालं, बोलवायचं. लाजायचं नाही की सारखं काय बोलवू. आमच्याकडे एक सिस्टर आणि चार टेबलं असतात, कोण किती बघणार. पण सलाईनच्या चाकाला हात लावायचा नाही, आणि शेजारच्या बाईला सल्ले द्यायचे नाहीत. आणि, फोन आत न्यायचा तर सायलेंट.

हे सगळं ऐकल्यावर मला खरं सांगायचं तर जरा हायसं वाटलं, आणि त्याचंच वाईटही वाटलं. पक्या म्हणाला तू हार मानतोयस. मी म्हटलं ह्यात हार-जीत काय आहे, दोन दिवस वहिनीला तरी सलग जमणार आहे का, तिचं स्वतःचं बाळ वर्षाचं आहे.

इथे ताई म्हणाली, आत्ता पहिल्यांदा अक्कल चालवलीस. दवाखान्याला विचार, एका वेळी एक हे ठीक, पण माणूस बदललं तर चालतं का. जेल ठेवल्यावरचे पहिले तास तिला झोप, गप्पा, चालणं एवढंच लागतं, रक्त नाही काही नाही, तेव्हा तू बस की. कळा चढायला लागल्या की वहिनी. आणि हे मला नको, तिला विचार.

सुट्टीचा प्रश्न आहेच. सुऱ्या केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याला 15 दिवस मिळाले होते पितृत्व रजा म्हणून, त्यातले तो किती दिवस बाळाजवळ होता आणि किती दिवस इथे पायरीवर, ते जाऊदे. मी एमआयडीसीत, खाजगीत तसा कायदाच नाही, सुपरवायझर म्हणाला दोन दिवस घे, जास्त लागले तर बघू. इंडक्शनच दोन दिवस चाललं तर बाळाचं तोंड बघून लगेच सेकंड शिफ्टला. ह्यावर मात्र कट्ट्यावर पूर्ण एकमत झालं, शिव्यांसकट.

तिथूनच हिला फोन लावला, जरा बाजूला जाऊन. म्हटलं सुरुवातीला मी बसलो तर? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, चालेल, पण सुई टोचताना बाहेर जायचं. आणि एक काम तुझ्याकडेच, सगळ्यांचे फोन तू घ्यायचे, झालं का झालं का करत एकही फोन माझ्यापर्यंत आला नाही पाहिजे. मी म्हटलं नक्की. ठेवला. परत पायरीवर येऊन बसतोय तोवर आईचा फोन, गुरुवारी साधारण किती वाजता होईल रे, गुरुजींना वेळ कळवायचीय.