टावीआधीचं सीटी स्कॅन
टावी म्हणजे छाती न उघडता, धमनीतून नळी घालून हृदयातली महाधमनीची झडप बदलणं. त्यावरच्या एका लेखात ‘छाती न उघडता झडप बदलते’ एवढंच आलंय, पण निम्मं काम आधीच्या सीटी स्कॅनवर ठरतं. महाधमनीच्या झडपेचं कडं लंबगोल असतं. इकोतल्या (हृदयाच्या सोनोग्राफीतल्या) एकाच व्यासावर भिस्त ठेवली तर झडप लहान निवडली जाते आणि कडेने रक्त मागे गळतं. फार मोठी घेतली तर कडंच फाटू शकतं. नवी झडप बहुधा जांघेतल्या धमनीतून वर नेतात; ही धमनी साधारण साडेपाच मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर दुसरी वाट शोधावी लागते.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी: हृदयाचे विद्युतसंदेश नेणारे तंतू झडपेला लागूनच जातात. झडप खोल बसली की ते दबतात, मग कायमचा पेसमेकर लागू शकतो. ईसीजीत आधीच राइट बंडल ब्रांच ब्लॉक (उजव्या बाजूच्या तंतूंत संदेश अडणं) असेल तर ही शक्यता बरीच वाढते.