खोली आवरून पोस्ट निघते का?

गेले दहा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर एकच वाद धुमसतोय. भाचा पुण्यात नवी पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला अडकला, आणि यंदा तर पूर्वच गेली. तेव्हापासून तो सकाळी उठत नाही, अभ्यासिकेत जात नाही, फोन उचलत नाही. ताई कराडहून जाऊन दोन दिवस त्याच्यापाशी राहून आली आणि तिथून तिने एक फोटो टाकला. कॉटवर कपड्यांचा ढीग, त्यात अर्धी बुडालेली उशी, खिडकीत चहाचे चार कागदी कप, कॉटखालून बाहेर आलेली पुस्तकं. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘मी म्हटलं त्याला, आधी खोली आवर.’

दाजींनी लगेच लिहिलं, ‘खोली आवरून पोस्ट निघते का? जिद्द लागते. पत्र्याच्या शेडात अभ्यास करून पोरं क्लास वन झालीत.’ सोबत एका व्याख्यानाचा व्हिडिओ. स्वतःला रोज आरशात सांगा, मी अधिकारी होणारच. त्याखाली सगळ्या नातेवाइकांचे अंगठे. मी इथून, जर्मनीतून, ताईची बाजू घेतली तेव्हा दाजी म्हणाले, ‘तुमचं तिकडचं वेगळं आहे. तिथं जागा आहे, मशिनी आहेत. इथं दहा बाय बारात तिघं राहतात.’

दाजी मनाने वाईट नाहीत. पोराच्या पुण्याच्या खर्चापायी त्यांनी पाच वर्षं स्वतःची गाडी बदललेली नाही. पण ‘तुमचं तिकडचं’ हे शब्द मला लागले. इतके लागले की ऑफिसला जाताना एस-बान या लोकल गाडीतून फॉयरबाख स्टेशनला उतरायचं सोडून मी पुढे गेलो. मनातल्या मनात त्यांना उत्तर देत होतो.

पहिलं उत्तर जागेचं. मी श्टुटगार्टला आलो तेव्हा तिथल्या फायहिंगेन भागातल्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात, १२ चौरस मीटरची खोली होती आणि आठ जणांत एक स्वयंपाकघर. कपडे धुण्याचं मशीन तळघरात, तेही नाणं घालून चालणारं. म्हणजे ऐसपैस जागा मिळाली म्हणून मी नीटनेटका झालो, असं झालेलं नाही. मात्र ती १२ मीटर माझी एकट्याची होती आणि दाराला आतून किल्ली होती, हेही खरं. हे कबूल करायला मला चार दिवस लागले. तिघांच्या खोलीत आपल्या वाट्याला फार तर एक कॉट आणि भिंतीतलं एक फडताळ येतं. पण मी म्हणतो, मग ती कॉट आवर. तेवढीच आवर.

दुसरं उत्तर त्या आरशाचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आत्मविश्वास बाहेरून आणून डोक्यात ओतता येतो, हा समज आपल्याकडे फार खोल गेलाय. व्याख्यान झालं, टाळ्या झाल्या, पोरं पेटून उठली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कॉटवर. यात पोरांचा दोष नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं आहे त्यांना स्वतःविषयीचं चांगलं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांनाच थोडा फायदा झाला. हे वाचलं तेव्हा मला भाच्याचा चेहरा दिसला. पूर्व गेलेला मुलगा आरशात बघून ‘मी अधिकारी होणारच’ म्हणतो, तेव्हा त्याच्या आतला कोणीतरी लगेच विचारतो, कशावरून?

त्या ‘कशावरून’ला उत्तर लागतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘आपल्याला हे जमेल’ हा विश्वास येतो कुठून, याचे चार उगम सांगितले. स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं बघणं, कुणी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यात सर्वांत भक्कम कोणता? स्वतःच्या हाताने पुरं केलेलं काम. व्याख्यान धीर देण्याच्या खात्यात येतं, तो आधार लवकर खचतो. पत्र्याच्या शेडातला अधिकारी दुसऱ्या खात्यात. पण ‘आपल्यासारखाच’ ही अट तिथे आहे, आणि पडून राहिलेल्या मुलाला तो अधिकारी आपल्यासारखा वाटतच नाही.

मी हे पुस्तकातून आधी शिकलो नाही. ते मला माझ्या जिन्याने शिकवलं.

शिक्षण संपून पहिली नोकरी लागली. प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीचा परीक्षाकाळ, संपायला दोन आठवडे असताना त्यांनी मला नको म्हटलं. जानेवारी महिना होता. घरी कोणाला सांगितलं नाही. आईला रोज फोनवर ‘ऑफिसमधून आलो’ असं सांगत होतो, आणि तेव्हा मी अंथरुणातच असायचो. खिडकीबाहेरचा रोलाडन, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा, खाली ओढलेला, बाहेर दिवस की रात्र कळत नाही, सिंकमध्ये भांड्यांवर भांडी. तीन आठवडे असे गेले. अर्ज करायला लॅपटॉप उघडायचो, आणि त्यावर आधी ताटली ठेवलेली असायची. ती उचलून कुठे ठेवायची हे सुचायचं नाही, की लॅपटॉप बंद.

एका सोमवारी दाराबाहेर पडलो तर हँडलला केअरवोखेची, म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची असं सांगणारी, पाटी टांगलेली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांची पाळी झाल्यावर माझ्या दाराला अडकवली होती. मला त्या पाटीचा संताप आला. माझं आयुष्य कोसळलंय आणि यांना जिन्याची पडलीय. शनिवारपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो. शनिवारी, फक्त बाईंची कटकट नको म्हणून, झाडू आणि बादली घेऊन बाहेर आलो.

हिवाळ्यात रस्त्यावर घसरू नये म्हणून टाकलेल्या श्प्लिटचे, म्हणजे बारीक खडीचे, खडे जिन्यात येतात बुटांबरोबर. पायरीच्या कोपऱ्यात जाऊन बसतात, सरळ झाडूने निघत नाहीत. झाडू तिरका धरून, टोकाने उकरून काढावे लागतात. पहिल्या मजल्यापर्यंत मी रागानेच झाडत होतो. दुसऱ्यावर राग संपला. मग फडकं पिळून एकेक पायरी पुसत खाली आलो, कठडा पुसला, पत्रपेट्यांखालची जमीन पुसली. तळाशी उभा राहून वर बघितलं तर ओल्या पायऱ्या खिडकीच्या उजेडात चमकत होत्या. तीन आठवड्यांत मी सुरू करून संपवलेली ती पहिली गोष्ट होती. बाई खाली उतरल्या, कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, ‘झो, ज्झाऊबर.’ म्हणजे, हं, स्वच्छ. बस एवढंच.

वर गेलो आणि भांडी घासली. रोलाडन वर केला. रविवारी टेबल रिकामं केलं. सोमवारी पहिला अर्ज गेला. नोकरी त्यानंतर चार महिन्यांनी लागली, म्हणजे जिन्याने नोकरी दिली असं मी म्हणणार नाही. पण ‘कशावरून’ला माझ्याकडे उत्तर आलं होतं. ५६ पायऱ्या.

ही गोष्ट मी ग्रुपवर लिहिली, तर दाजींनी अमेरिकेतल्या एका प्रयोगाची बातमी शोधून टाकली. पसारा असलेल्या खोलीतल्या लोकांना जास्त नव्या कल्पना सुचतात म्हणे. प्रयोग खरा आहे, मिनेसोटा विद्यापीठातला, २०१३ सालचा. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू बातमीत नव्हती. आवरलेल्या खोलीत बसवलेल्या लोकांनी चॉकलेटऐवजी सफरचंद जास्त उचललं आणि दानालाही जास्त पैसे दिले. रोज सकाळी सहाला उठून सिलॅबस पुढे रेटायचा आहे त्याला यातलं काय लागतं, ते दाजींनीच ठरवावं.

आणि आता मला जे खरं बोलायचंय ते बोलतो. आपल्याकडे ‘खोली आवर’ हे मुलग्याला सांगितलं की चेष्टा का होते? कारण ते काम आपल्या मनात हलकं आहे. घरात ते आईचं, बहिणीचं, कामाला येणाऱ्या मावशींचं. रस्त्यावर तर आपण ते जातीवरच ढकलून दिलं. ज्याच्या हातात पुस्तक आहे त्याने झाडू धरायचा नाही, हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण प्रत्येक घरात पाळला जातो. खराटा घेऊन आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तनाला उभं राहायचं, हा क्रम आपल्याला गाडगेबाबांनी घालून दिला. १९५६ साली ते गेले. २०००-०१पासून त्यांच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, गावोगावी बक्षिसं लागली, फलक लागले. घरातल्या मुलग्याच्या हातात मात्र खराटा गेला नाही. इथे माझा विभागप्रमुख, दोनशे माणसांचा साहेब, शनिवारी स्वतःच्या इमारतीचा फूटपाथ झाडताना मला दिसतो, आणि सोमवारी त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. आमच्या ऑफिसच्या फरश्या मात्र पहाटे पाचला येणाऱ्या परक्या देशांतल्या बायकाच पुसतात. हे मी दाजींना लिहिलेलं नाही.

मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षापर्यंत एकदाही अंथरुणाची घडी घातली नव्हती. ताई घालायची. तिची बारावी आणि माझी दहावी एकाच वर्षी होती, तरी माझं टेबल तीच आवरायची. मला नव्वद टक्के पडले. तिला कमी पडले तेव्हा सगळे म्हणाले, तिचं लक्षच नव्हतं. आज ती तिच्या मुलाला ‘आधी खोली आवर’ म्हणते ते कुठून येतं, हे निदान मला तरी कळायला हवं.

मागच्या दिवाळीला कराडला गेलो तेव्हा मी आईचं घर आवरायला काढलं. तीन दिवसांत मी स्वयंपाकघराचे दोन कप्पे रिकामे केले, जुने डबे, प्लॅस्टिकच्या बरण्या, बाबांची औषधांची पाकिटं, सत्कारांत आलेल्या शाली. मला फार कर्तबगार वाटत होतं. आई काही बोलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती ओट्याशी उभी राहून हात नेहमीच्या जागी नेत होती आणि तिथे काही नव्हतं. साखरेचा डबा मी तर्कशुद्ध ठिकाणी ठेवला होता. तिने तो शोधला, चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला. माझ्या श्टुटगार्टच्या घरात सगळं जागच्या जागी असतं, कारण तिथली वस्तू हलवायला दुसरं कुणी येत नाही. बेल वाजली तर पार्सलवाला असतो.

परवा भाच्याने शेवटी फोन उचलला. मी त्याला काही सांगायच्या आधी तोच म्हणाला, ‘मामा, कॉटवरचं सगळं आवरलं. कप पण टाकले. फक्त खालची पुस्तकं राहिलीत.’ कुठली, विचारलं. जुन्या पॅटर्नची. २०२३ साली पुण्यातली पोरं रस्त्यावर उतरली, म्हणून मुख्य परीक्षा वर्णनात्मक करणं २०२५पर्यंत पुढे गेलं. त्या मुदतीत आपण निघू, या भरवशावर त्याने वस्तुनिष्ठ प्रश्नांची ही सगळी पुस्तकं घेतली होती, पानापानावर खुणा केल्या होत्या. आता त्यातलं बरंचसं उपयोगाचं नाही. ‘रद्दीवाला येऊन गेला दोनदा,’ तो म्हणाला, ‘पण देववत नाहीत.’

‘देऊन टाक’ हे माझ्या जिभेवर होतं. ते निघालं नाही. कारण कराडच्या घरात माळ्यावर माझी एक पत्र्याची ट्रंक आहे. इंजिनीअरिंगच्या वह्या, ड्रॉइंगच्या ड्राफ्टरचा मोडका हात, एक स्वेटर, कॉलेजचं ओळखपत्र. घर आवरताना मी आईच्या बरण्या टाकल्या आणि त्या ट्रंकेला हात लावला नाही. दरवर्षी ती पावसाळ्याआधी खाली काढून पुसली जाते, कुणाकडून तरी वर चढवली जाते. त्या घरात आता माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

भाच्याला म्हटलं, ‘एक खोकं आण. सगळी त्यात भर, वर तारीख घाल आणि कॉटखाली सरकव. आज टाकू नकोस.’ तो बरं म्हणाला. मग आईला फोन लावला आणि विचारलं, ‘माझी ट्रंक अडचण करते का गं? पुढच्या खेपेला रिकामी करू?’

ती म्हणाली, ‘असू दे रे. तिला काय खायला घालावं लागतंय?’