जबड्यातली पाल

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पोळीचा पहिला घास चावला आणि कानाजवळ 'कट्' झालं. मला वाटलं, घासात खडा आला. बायकोला वाटलं, पोळी आवडली नाही म्हणून मी 'च्' केलं. खात्री करायला दुसरा घास घेतला. पुन्हा 'कट्'. "अहो, एकदा केलंत तेवढं पुरे झालं," ती म्हणाली. त्या दिवशी डब्यात नुसती भाजी निघाली.

आईची तऱ्हा निराळी. ती बोलत असताना मला जांभई आली की जबडा वाजायचा, आणि ती लगेच टेबलावर बोटं आपटायची. "बघ, पाल चुकचुकली. सत्य आहे!" आठ दिवसांत माझ्या जबड्याने तिच्या इतक्या मतांवर शिक्कामोर्तब केलं, की पुतण्याच्या लग्नापासून नव्या फ्रीजपर्यंत कुठल्याच बाबतीत मला बोलायला जागा राहिली नाही. त्यात मी झोपेत दात खातो हे बायकोने सांगून टाकलं. आईने निदान केलं, जंत! वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी जंतांची गोळी घेतली. जंत असतील तर गेले असतील, आवाज गेला नाही.

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडझाप करायला लावलं. मग माझीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. मावली. म्हणजे तोंड साधारण 40 मिलिमीटर उघडतंय, ठीक आहे. दुखतं का? नाही. अडकतं का? नाही. "मग नुसत्या आवाजाला घाबरू नका. पुष्कळांचा वाजतो."

पण वाजतो कशाने? कवटी आणि जबड्याचं हाड यांच्या मध्ये कूर्चेसारखी एक चकती असते. तोंड उघडताना हाड आधी बिजागरीसारखं फिरतं, मग पुढे सरकतं, आणि चकतीने त्याच्याबरोबर सरकायचं असतं. माझी चकती आधीच पुढे घसरून बसलेली, दारातल्या पायपुसण्यासारखी. हाड मागून येतं आणि टुणकन तिच्यावर चढतं. तोच 'कट्'. शिवाय खालचा जबडा म्हणजे एकच हाड, त्याला सांधे दोन. एकीकडे बिघडलं की दुसरीकडेही ताण. मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्याने हे मला ताबडतोब पटलं. गळती तिसऱ्या मजल्यावर, ओल दुसऱ्या.

"आवाज एकदम थांबला आणि तोंड अर्धंच उघडायला लागलं, तर मात्र पेढे वाटू नका," बाई म्हणाल्या. "लगेच इकडे या. चकती पुढेच अडकलेली असू शकते." दातखीळ बसते म्हणतात ती अशीही बसू शकते, हे ऐकून माझी तिथेच बसायची बाकी होती.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसाही दात आवळता." मी? पार्किंगवरून दोन कुटुंबं तासभर भांडली तरी ज्याच्या तोंडून वेडावाकडा शब्द निघत नाही, तो मी? सगळी इमारत म्हणते, सेक्रेटरी असावा तर असा शांत. बाईंनी गालावरचा स्नायू दाबला. दगड. एरवी दात एकमेकांना लागतात ते चावताना आणि गिळताना. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. सात वर्षं मी मीटिंगमध्ये जे गिळत होतो, ते सगळं आधी चावत होतो तर! दातओठ खाणे हा नुसता वाक्प्रचार आहे, अशी माझी समजूत होती.

आठवण राहावी म्हणून नजरेस पडेल तिथे लाल ठिपका लावायचा. घरात लाल ठिपके म्हणजे बायकोच्या टिकल्या. आरशावर एक, मोबाइलवर एक, मेंटेनन्सच्या वहीवर एक. टिकली दिसली की दात सोडायचे.

चकली, ऊस, कणीस बंद. पाणीपुरीला तर केवढा आ वासावा लागतो, म्हणून तीही बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. संध्याकाळी गालाला गरम ओल्या फडक्याचा शेक. हे सगळं सोसलं, पण नाक्यावर वडापाव सुरीने कापून खाताना गाडीवाल्याने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर विसरता येत नाही.

रात्रीसाठी दातांवर बसवायचा पारदर्शक नाइट गार्ड मिळाला. लिफ्टमध्ये मी कुणाला तरी म्हटलं, "नाइट गार्ड घेतलाय." संध्याकाळपर्यंत ग्रुपवर प्रश्न आला : कमिटीला न विचारता नवा वॉचमन कसा ठेवला, आणि पगार किती? खरं तर दोघांत फार फरक नाही. हा दात आवळणं थांबवेलच असं नाही, दातांची झीज तेवढी वाचवतो. आमचा खालचा वॉचमन चोर थांबवत नाही, वहीत नोंद तेवढी करतो.

तीन महिन्यांत आवाज बराच कमी झाला. मग वार्षिक सभा आली. वहीवरच्या टिकलीकडे बघत, दात सुटे ठेवून, मी माइकवर जाहीर केलं, "पाण्याच्या टाकीचं काम महिन्याभरात पूर्ण होईल." वाक्य संपलं आणि माइकमधून खणखणीत 'कट्' झालं. पहिल्या रांगेतल्या आजींनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. "सत्य आहे!"

त्याला आता पाच महिने झाले. टँकर रोज येतो. आजी भेटल्या की माझ्या तोंडाकडे बघतात.