डाव्या बाजूचा कारभारी

आमच्या घरात मुख्य जेवणावरून कधी भांडण होत नाही. ज्वारीची भाकरी, आमटी, भात आणि एक भाजी. हे ठरलेलं आहे. त्यावर कुणी मत देत नाही, आणि दिलंच तर कुणी ऐकत नाही. जी काही धुसफूस होते ती ताटाच्या डाव्या बाजूवरून. मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर, पापड, मिरची. चिमूट-चिमूट वाढायच्या वस्तू, पण त्यातली एक जरी हुकली तरी अप्पा भाकरी मोडून नुसतेच बसतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटतात, "तोंडी लावायला काय हाय का नाही आज?"

मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच आठवड्यात बायकोनं खातेवाटप केलं. भाजी-भाकरी तिच्याकडे, आमटी-भात आईकडे. "आणि तोंडी लावायचं तेवढं तुम्ही बघा. सोपं असतं, दहा मिनिटांचं काम." बँकेत आयुष्य गेल्यामुळे 'सोपं' आणि 'दहा मिनिटांचं' हे दोन शब्द शेजारी-शेजारी आले की मी सावध होतो. पण दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. खातं माझ्या गळ्यात पडलं.

आता काकडीची कोशिंबीर. यापेक्षा सोपं काही असेल का? आईच्या मते काकडी किसायची. बायकोच्या मते किसली की पाणी होतं, चोचवूनच घ्यायची. अप्पांना कवळी आहे, त्यामुळे त्यांना किसलेली चालते, पण किसलेली आहे हे त्यांना कळलेलं चालत नाही. लेक पुण्याहून फोनवर बजावते की साखर घालायची नाही. आई म्हणते, साखर नाही तर ती कोशिंबीर कसली. चिरंजीव व्यायामशाळेत जातात, त्यांना दही जास्त हवं, तेही चक्क्यासारखं घट्ट. मीठ अगदी पानं घेताना घालायचं, नाहीतर काकडी पाणी सोडते. दाण्याचा कूट त्याच्याही नंतर. आणि कूट डब्यात असेल तर ठीक, नसेल तर दाणे भाजा, गार करा, चोळा, पाखडा, कुटा. हिंग-मोहरीची फोडणी राहिलीच. एवढं करून वाढायला घ्यावं तर सोमवार निघतो आणि आई विचारते, "अरे, त्याच विळीवर कांदा चिरला होतास का?"

दहा मिनिटं!

हिवाळ्यात मात्र हे खातं सांभाळायला खरंच मजा येते. आमच्या सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत गेलं की पाथरी, घोळ, कोवळी मेथी, हरभऱ्याचा पाला, मुळे, कांद्याची पात असं सगळं ढिगानं पडलेलं असतं. शिजवायचं नाही, फोडणी नाही. धुवायचं, ताटात ठेवायचं, वर चटणी आणि कच्चं तेल. माझ्यासारख्या माणसासाठीच देवानं केलेलं दिसतं. माझी नेहमीची भाजीवाली मावशी माझ्याशी मराठीत बोलते, शेजारणीशी कन्नडमध्ये आणि पलीकडच्या पोराला तेलुगूत रागावते. मी पाथरीचा भाव कमी करायला लागलो की ती शेजारणीशी जे बोलते त्याचा अर्थ मी आजवर विचारलेला नाही.

पण 'धुवायचं' हा शब्द मी वर फार सहज लिहून गेलो. उजनी धरण भरो न भरो, आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. ते काही दिवसांआड येतं, आणि येण्याची वेळ त्याची ते ठरवतं. त्यामुळे पालेभाजीचा मुहूर्त दिनदर्शिकेत बघून भागत नाही. पाण्याच्या आदल्या दिवशी मी पाथरी आणली तर बायको पिशवीकडे न बघता विचारते, "हिला पुसून खायचंय का?" घोळीच्या एका जुडीतली माती घालवायला लागणाऱ्या पाण्यात अप्पांची आंघोळ होते. खरोखर होते, आम्ही हिशेब केलेला आहे.

उन्हाळ्यात उलट. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात गेला की हिरवं काही टिकत नाही, सकाळचं दही संध्याकाळी आंबट ढाण. पण ऊन मात्र आपलं आहे. कुरडया, सांडगे, पापड, सांडगी मिरच्या. गच्चीवर टाकलं की बाकीच्या गावांना दोन-तीन दिवस लागतात ते काम आमच्याकडे लवकर उरकतं. शिवाय कैरीचा तक्कू. उन्हाळ्यात मी बऱ्यापैकी लोकप्रिय कारभारी असतो.

मिरचीच्या ठेच्याविषयी मात्र लिहायला हवं, कारण त्यानं आमचे सोसायटीतले संबंध बिघडवले. हिरव्या मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायच्या, त्यात लसूण, थोडे दाणे, जाडं मीठ, आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचं. चव अशी की भाजी नको वाटते. पण मिरच्यांनी तवा धरला की पहिला ठसका आईला लागतो, मग जिन्यात, मग वरच्या मजल्यावर. एकदा तर खालचे काका खोकत-खोकत वर आले, भांडायला. दारात उभे राहून, डोळे पुसत म्हणाले, "काय लावलंय हे?" बायकोनं त्यांच्या हातावर भाकरीचा चतकोर आणि ठेचा ठेवला. आता ते ठेच्याच्या दिवशी खोकला ऐकू आला की वाटी घेऊनच येतात.

लेकीला माझी दया येते. ती पुण्यातून मोबाइलवर चित्रफिती पाठवते. 'कुटुंबाच्या जेवणासाठी पाच मिनिटांत होणारे सोपे पदार्थ.' त्यातल्या बाईंचं स्वयंपाकघर आमच्या हॉलएवढं असतं, सगळं आधीच चिरून काचेच्या वाट्यांत ठेवलेलं असतं, आणि वाट्या कोण विसळणार याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत. एका चित्रफितीत झुकिनी भाजून वर तीळ भुरभुरले होते. मी मंडईत झुकिनी मागितली. मावशीनं क्षणभर विचार केला आणि दोडका माझ्या पिशवीत टाकला. "हीच की वो." घरी आल्यावर दोडक्याची भाजी झाली, आणि सोललेल्या शिरा तीळ, खोबरं, मिरचीबरोबर खमंग परतून बायकोनं चटणी केली. भाजलेलं होतं, तीळ होते. मी फोटो काढून लेकीला पाठवला. तिनं लिहिलं, 'बाबा, झुकिनी मस्त जमलीय!'

हीच लेक २०२३ साली फारच जोरात होती. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष भरडधान्यांचं म्हणून जाहीर केलं होतं. एका रात्री फोन करून तिनं आजोबांना समजावलं, "अप्पा, ज्वारी खात जा. फार चांगली असते." अप्पांच्या हातात त्या वेळी मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी होती. त्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी मधेच सांगून पाहिलं. अप्पांनी फोन माझ्याकडे दिला. "तिला म्हणावं, विचार करतो."

आता शेंगाचटणी. इथं मी जरा थांबणार आहे.

सोलापुरात घरात काही नसलं तरी शेंगाचटणी असते. म्हणजे माझं खातं मुळात कायमचं भरलेलं आहे, मी नुसता शोभेचा. दाणे खरपूस भाजायचे, सालं काढायची, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालायचं आणि उखळात कुटायचं. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. घाव बसत जातात तसं ते सुटतं, तिखट त्यात मुरतं, आणि चटणी लालसर, ओलसर, पापुद्र्यासारखी होते. मिक्सरमध्ये तीच सामग्री टाकली तर पातं ती बारीक कापतं, तापवतं आणि तळाशी गोळा करून ठेवतं. एवढंच आहे. पण या एवढ्यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बायको मिक्सरवाली, कारण तिला सकाळी शाळेत जायचं असतं. ती बटण धरून ठेवत नाही, थांबत-थांबत फिरवते, आणि माझ्या मते चांगली करते. हे मत मी अप्पांसमोर मांडत नाही. अप्पा चटणी चिमटीत घेतात, दाबतात, बोट उजेडात धरतात. बोटाला तेल लागलं तर उखळ, नाही तर मिक्सर. आणि मिक्सर असेल तर, "काय बे, दाणे दळून आणले का गिरणीतून?"

ही चटणी दह्यात कालवा, तेलात कालवा, गरम भाकरीवर लोणी घालून वर पसरा, कडक भाकरीबरोबर चुरून खा. प्रवासाला न्या, फ्रीजशिवाय आठवडे टिकते. चिरंजीव प्रथिनांची पावडर आणतात, ती डब्यावर पैलवानाचं चित्र असलेली. एकदा त्यांनीच मोबाइलवर शोधून मोठ्यानं वाचलं की शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. वाचून झाल्यावर त्यांनी बरणीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. पैलवानाच्या डब्यात आता आई शाबुदाणा ठेवते.

माझ्या कामातला एक छुपा आधारही सांगून टाकतो. शेजारच्या अक्का पद्मशाली, माहेर अशोक चौकाकडचं. त्यांच्याकडून अधूनमधून अंबाडीची पच्चडी येते, आंबट, तेलकट, झणझणीत. वाटी आली की ती रिकामी परत पाठवायची नसते. आम्ही त्यातून शेंगाचटणी पाठवतो. मग त्या ती वाटी रिकामी कशी पाठवणार? तिच्यातून लोणचं येतं. आम्ही भरली मिरची पाठवतो. ही वाटी मूळची कुणाची हे आता दोन्ही घरांत कुणालाच ठाऊक नाही, पण तिच्यामुळे महिन्यातले कितीतरी दिवस मला काहीही करावं लागत नाही. बायकोला संशय आहे. परवा म्हणाली, "तुम्ही मुद्दामच वाटी लवकर पाठवता ना?"

आणि मग गेल्या महिन्यात पुण्याहून मेव्हणे सहकुटुंब जेवायला आले.

त्या दिवशी मी ठरवलं की डावी बाजू म्हणजे काय ते दाखवायचं. डाळिंब सोलापूरचंच, भगवा वाण, त्याच्या दाण्यांची दह्यातली कोशिंबीर. आमच्या केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, ही माहितीसुद्धा वाढतानाच देता येते. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, तळलेली सांडगी मिरची, कुरडई, कैरीचं लोणचं, मुळ्याचा चटका, लिंबाच्या फोडी. अप्पांनी ताट लांबूनच पाहिलं. डाव्या बाजूचं अतिक्रमण होऊन भाजीला वाटी ठेवायला जागा उरली नव्हती. "उद्घाटन कोण करणार हाय?" ते म्हणाले.

पाहुणे बसले. मेव्हण्यांनी भाकरी मोडली, ताटावरून नजर फिरवली आणि अतिशय अदबीनं विचारलं, "दाजी, एखादा कांदा मिळेल का?"

मी विळी घ्यायला उठलो तर अप्पांनी हातानं थांबवलं. कांदा चिरायचा नसतो. तो पाटावर ठेवून मुठीनं फोडायचा असतो, चिरला की चव जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मूठ आवळली. वय ब्याऐंशी. आईनं डोळे मिटले. पहिल्या बुक्कीत कांदा निसटला तो थेट कोशिंबिरीच्या पातेल्यात. दुसरा चिरंजीवांनी फोडला आणि व्यायामशाळेचे पैसे प्रथमच वसूल झाले. मेव्हण्यांनी तो कांदा, शेंगाचटणी आणि वर तेलाची धार एवढ्यावर तीन भाकऱ्या खाल्ल्या. डाळिंबाची कोशिंबीर त्यांच्या मुलीनं खाल्ली, तीसुद्धा जेवण झाल्यावर, गोड म्हणून.

निघताना मेव्हणे म्हणाले, "ताई, ही चटणी थोडी बांधून देतेस का?" थोडी बांधायला डबा सापडेना, म्हणून बायकोनं बरणीच दिली. आईची, चिनी मातीची, झाकणाला दोरी बांधलेली. "बरणी तेवढी परत पाठव हं, दादा," असं तिनं गाडी सुटेपर्यंत सांगितलं.

पुढचे काही दिवस घरात अन्न होतं, पण जेवण नव्हतं. मी रोज काहीतरी करत होतो आणि अप्पा रोज बरणीच्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

बरणी परत आली. मेव्हणे शिस्तीचे, रीतभात जाणणारे. रिकामी पाठवायची नसते म्हणून त्यांनी ती गच्च भरून पाठवली होती. कागद सोडून पाहिलं तर आत पाकीट, पुण्यातल्या दुकानातलं, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'अस्सल सोलापुरी शेंगा चटणी'.

अप्पांनी चिमटीत घेतली. दाबली. बोट उजेडात धरलं. मग जिभेवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"गूळ हाय ह्यात," ते म्हणाले.

आईनं पाकीट उचललं आणि उरलेली सगळी चटणी आमटीच्या वाटणात घालून टाकली.