‘घरात फायबर आलं, आता कॉम्प्युटरवाला कशाला?’

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला पाच-सहा ग्रुपवर आला. सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या, अगदी नातेवाइकांच्याही. मजकूर थोडक्यात असा: ‘शंभर एमबीपीएस वेगाचं फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून येणारं नेट, घरात आलं की कॉम्प्युटरवाल्याची गरज संपली. सॉफ्टवेअर आपोआप उतरतं, नेटच्या तक्रारी राहत नाहीत, काही अडलं तर व्हिडिओ बघा, नाहीतर कोणीही रिमोटने, म्हणजे लांबून नेटवरूनच, दुरुस्त करून देतो. फोटो-फाइली क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठ्यात, असल्यामुळे काही हरवत नाही. पाचशे रुपये व्हिजिट वाचवा.’

साताऱ्यात २००३ पासून मी हेच काम करतो, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगतो. पण या मेसेजवर भिस्त ठेवून नुकसान झालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सॉफ्टवेअर आपोआप उतरतं, हे खरं आहे. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २, म्हणजे सुधारणांचा मोठा संच, आला, त्याची पूर्ण फाइल २६६ एमबीची होती. ५६ केबीपीएसच्या डायल-अपवर, लाइन एकदाही तुटली नाही तरी, ती उतरायला साडेदहा तास लागणार आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं. तेव्हा ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच २५६ केबीपीएस होती, म्हणजे तीच फाइल सव्वादोन तासांवर आली. रात्रीचं डाउनलोड मोजलं न जाणारे प्लॅन होते, त्यासाठी लोक दोनचा गजर लावून उठायचे. मदरबोर्डची सीडी हरवली की आवाज बंद, म्हणून मी ड्रायव्हरच्या, म्हणजे कॉम्प्युटरचे भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, सीडींचं पाकीट घेऊन घरोघर फिरायचो. आज शंभर एमबीपीएसवर ती फाइल वीस-बावीस सेकंदांत येते आणि विंडोज बहुतेक ड्रायव्हर स्वतः शोधून घेतं. ते काम गेलं, आणि गेलं ते चांगलंच झालं. लोकांचे पैसे आणि खेटे वाचले.

पण उतरवणं सोपं झालं म्हणून काय उतरवायचं हे कळतं असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही मशिनमधली सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीपासून पुढचा लागतो. त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता: मशिन टाकून द्यायचं का? कोणाच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम नुसतं बंद होतं, कोणाला सुरक्षा अपडेटसाठी मिळालेलं आणखी एक वर्ष पुरेसं होतं, कोणाचा पीसी खरंच बदलायला आलेला होता. या प्रश्नाचं उत्तर लाइनच्या वेगात नाही.

दुसरा मुद्दा, नेटच्या तक्रारी राहत नाहीत. माझ्या वहीत आज सगळ्यात जास्त नोंदी याच तक्रारींच्या आहेत. फक्त बिघाडाची जागा बदलली. पूर्वी तो टेलिफोन एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेत असायचा, आता तो घराच्या आत असतो.

शनिवार पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांचं घर घ्या. जुनं बांधकाम, हातभर जाडीच्या भिंती. फायबर जिथून आत आलं तिथेच, म्हणजे दाराजवळच्या कोपऱ्यात, राउटर ठोकलेला. नातू अभ्यासाला बसायचा मागच्या खोलीत, तिथे मीटिंग दर दोन मिनिटांनी अडकायची. सरांनी प्लॅन आधी शंभरचा आणि मग दोनशेचा केला, दर महिन्याला जास्तीचे पैसे भरले, फरक शून्य. कारण दोनशे एमबीपीएस दारापर्यंत येत होते. पुढचा रस्ता वायफायचा, आणि त्याच्या नेहमीच्या दोन लहरींपैकी पाच गिगाहर्ट्झचीवर वेग जास्त मिळत असला तरी ती जाड भिंतीत मरते. दोन पॉइंट चारची पलीकडे जाते, पण तिचा वेग कमी आणि शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दीही तिच्यावरच. एक लॅनची केबल मागच्या खोलीत ओढली, तिथे वायफाय देणारा छोटा अॅक्सेस पॉइंट बसवला आणि सरांना प्लॅन पुन्हा शंभरचा करायला सांगितलं. वेगाच्या मागे धावण्यात त्यांचे जे पैसे गेले, त्यात माझ्या कितीतरी व्हिजिट झाल्या असत्या.

असंच प्रिंटरचं. घरातले बरेच प्रिंटर फक्त दोन पॉइंट चारवर चालतात. नवीन कनेक्शनबरोबर राउटर बदलला, वायफायचं नाव-पासवर्ड बदलला की प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा सगळे एकदम मुके होतात. पूर्वी घरात एक कॉम्प्युटर नेटला असायचा, आता दहा-बारा वस्तू असतात. फायबरची तार ज्याला जोडलेली असते त्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला तर राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. कपाटामागे काचेची तार काटकोनात मोडलेली असते, उंदराने कुरतडलेली असते किंवा हिरव्या कनेक्टरच्या टोकावर धूळ असते. त्या टोकातला प्रकाश जाणारा भाग नऊ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. तिथे धुळीचा एक कणही पुरतो.

आणि वीज! जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, त्यामुळे लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरच्या डब्याला घरातली वीज लागते. लाइट गेली की नेटही गेलं आणि त्यावरचा फोनही. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांच्या घरी मी राउटरला छोटा यूपीएस लावायचा आग्रह धरतो. डब्याचे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच तो घ्यावा लागतो, चुकीचा लावला तर डबा जळू शकतो.

व्हिडिओबद्दल थोडंच बोलतो. रॅम काढून खोडरबरने पुसायला लोक व्हिडिओ बघून शिकले, याचा मला आनंद आहे. मात्र व्हिडिओ उपाय दाखवतो, दुखणं ओळखत नाही. विंडोज नव्याने टाकताना कोणतं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, पुसायचा हे व्हिडिओतल्या मशिनवर वेगळं असतं आणि आपल्या मशिनवर वेगळं. एकाने त्यातलं बघून तसंच केलं, तर त्याचं डी ड्राइव्ह गेलं. त्यात मुलीच्या बारशापासूनचे फोटो होते. आणि नेटच बंद असेल तेव्हा व्हिडिओ बघणार कशावर?

रिमोटचा मुद्दा मला या मेसेजमधला सर्वांत घातक वाटतो. मी स्वतः रिमोटने काम करतो. डायल-अपवर ते जवळपास अशक्यच होतं; आज पुण्यातल्या मुलाला साताऱ्यातल्या आईचा पीसी दिसतो, ही फायबरची देणगीच आहे. पण ‘कोणीही दुरुस्त करून देतो’ यातला ‘कोणीही’ कोण? ओळखीच्या एका काकूंचा प्रिंटर चालेना. त्यांनी सर्चमध्ये कंपनीचा हेल्पलाइन नंबर शोधला, पहिला दिसला तो फिरवला. समोरचा अत्यंत नम्र होता. त्याने मोबाइलवर एक अॅप टाकायला लावलं, स्क्रीनवर आलेले आकडे वाचून घेतले, ‘रजिस्ट्रेशनचे दहा रुपये’ म्हणून बँकेचं अॅप उघडायला लावलं आणि पुढच्या काही मिनिटांत खातं रिकामं केलं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्क या रिमोटच्या अॅपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा बँकांना दिला होता. अॅप वाईट नाही, मीही तसलीच अॅप वापरतो. पण जोडून दिल्यावर समोरच्याला तुमची पूर्ण स्क्रीन दिसते, येणाऱ्या ओटीपीसकट.

असं कोणाच्या घरी घडलं तर आधी त्या मोबाइलचं वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा किंवा तो सरळ स्विच ऑफ करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. लाज वाटून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच मिळण्याची आशा असते. काकू दोन दिवस कोणाला बोलल्या नाहीत.

आता क्लाउड. मोबाइलमधले फोटो वर जातात म्हणजे ते सुरक्षित झाले, असा समज आहे. बहुतेक ठिकाणी होतं ते सिंक: इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि जून २०२१ पासून फोटोही आले. ती भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं आणि मेलही येईनासे होतात. ‘जागा संपली’ ही सूचना लोक महिनोन्‌महिने बाजूला सारत राहतात. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गूगल पुसू शकतं, हेही फार जणांना माहीत नसतं.

मागच्या वर्षी एक ताई आल्या. यजमान जाऊन सात-आठ महिने झाले होते. लग्नापासूनचे सगळे फोटो यजमानांच्या क्लाउडच्या खात्यात होते. पासवर्ड कोणाला माहीत नाही, त्यांचा मोबाइल फुटलेला, आणि रिचार्ज न केल्यामुळे नंबर बंद होऊन दुसऱ्याच कोणाला दिला गेलेला. ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर जाणार. घरात तीनशे एमबीपीएसची लाइन होती. आम्ही कंपनीच्या रीतीने मृत्यूच्या दाखल्यासकट अर्ज केला आणि वाट बघत बसलो. मधल्या काळात त्यांच्या जुन्या पीसीची हार्ड डिस्क काढून तपासली, तिच्यात २०१४ पर्यंतचे फोटो सापडले. ते त्यांना दोन वेगवेगळ्या डिस्कवर घालून दिले.

तेव्हापासून कोणत्याही कामाला कोणाच्या घरी गेलो की निघण्यापूर्वी दहा मिनिटं जास्त बसतो. घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर खात्यात रिकव्हरीसाठी घालून देतो. गूगलच्या खात्यात ‘मी बराच काळ आलो नाही तर माझा डेटा कोणाला द्यायचा’ अशी सोय आहे, ती भरून घेतो. राउटरचा पासवर्ड शाईने वहीत लिहायला लावतो आणि ती वही कुठे ठेवली आहे, हे घरातल्या दोघांना विचारतो.