गाणं, पोट आणि चर्चची युनिव्हर्सिटी

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या मराठी घरातली मुलगी बारावीला आली आणि "मला गाणंच करायचंय" म्हणाली, की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "अगं, पण ते ख्रिश्चन कॉलेज आहे." दुसरं मला जास्त टोचतं: "कमर्शियल म्युझिक? म्हणजे गाण्याचा धंदा?" विषय असतो इथल्या बेलमाँट युनिव्हर्सिटीच्या कमर्शियल म्युझिकच्या पदवीचा. मी इथे गाणं शिकवते. माझ्याकडे अभंग शिकलेली काही मुलं पुढे बेलमाँटला गेली, आणि त्यांच्या आईवडिलांशी मी हेच बोलत आले आहे. आज सगळ्यांसाठी लिहिते.

आधी धंद्याचं बोलू. याच शहरात 1866 मध्ये मिशनऱ्यांनी गुलामीतून सुटलेल्या माणसांसाठी फिस्क नावाचं विद्यालय काढलं. पाच वर्षांत ते बंद पडायची वेळ आली. तेव्हा तिथला खजिनदार जॉर्ज व्हाइट, जो गाणंही शिकवायचा, ऑक्टोबर 1871 मध्ये विद्यार्थ्यांचा एक छोटा गट घेऊन दौऱ्यावर निघाला. त्यातली बहुतेक मुलं गुलामीत जन्मलेली. आईबापांनी मालकाच्या नजरेआड म्हटलेली देवाची गाणी लोकांपुढे पैशासाठी गायची, हे सुरुवातीला त्यांना जड गेलं. एला शेपर्ड या त्यांच्यातल्याच पियानोवादक मुलीने पुढे लिहून ठेवलंय की ती गाणी त्यांच्या लेखी पवित्र होती. तरीही ती गायली. 1873 मध्ये इंग्लंडच्या राणीपुढे गायली. जमलेल्या पैशातून 1876 मध्ये ज्युबिली हॉल उभा राहिला, आजही उभा आहे. त्या गाण्याचं पावित्र्य कमी झालं असं कोण म्हणेल? उलट ती गाणी जगाला कळली ती त्या दौऱ्यांमुळेच.

तसं म्हटलं तर अख्खं नॅशव्हिलच असं घडलंय. रायमन सभागृह 1892 मध्ये प्रवचनांसाठी बांधलं. पुढे 1943 ते 1974 ग्रँड ओल ऑप्री ही कंट्री गाण्यांची रेडिओवरची मैफल तिथूनच व्हायची. लोक अजूनही चर्चच्या बाकांवर बसून तिकिटाचे कार्यक्रम ऐकतात.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, कारण ती आपल्या गाण्याशी थेट जुळते. इथल्या स्टुडिओत वादकापुढे पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीऐवजी बरेचदा आकड्यांचा कागद असतो: 1, 4, 5, 6. सुराच्या मूळ जागेपासून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरांचा गुच्छ, मोजायची. गायिकेने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच. ही पद्धत 1950 च्या दशकाच्या अखेरीस बसवली नील मॅथ्यूज यांनी. ते जॉर्डनेअर्स या गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या चौकडीत गायचे, तीच चौकडी जी एल्विस प्रेस्लीच्या मागे गायची. कल्पना त्यांना सुचली चर्चमधल्या आकारांच्या स्वरलिपीवरून, जिच्यात सात स्वरांना सात आकार असतात. आपला सा कुठेही लावता येतो, हे लहानपणापासून ज्यांच्या अंगात मुरलंय त्या मुलांना हा कागद पटकन उमगतो. माझ्या मुलांच्या बाबतीत मी हे पाहिलंय आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

बेलमाँटच्या पदवीत हे सगळं आहे: थिअरी, अरेंजिंग म्हणजे वाद्यमेळ बांधणं, गाणी लिहिणं, रेकॉर्डिंग. कोलंबिया स्टुडिओ ए त्यांच्या वर्गासारखा वापरला जातो. म्युझिक रो या स्टुडिओंच्या वस्तीतलं एक जुनं दगडी चर्च आज ओशन वे नावाचा स्टुडिओ आहे, तोही 2001 पासून बेलमाँटचा. ट्रिशा यरवूड, ब्रॅड पेझ्ली हे कंट्री गायक इथूनच शिकून गेले. पण माझ्या मते खरी किंमत वेगळ्या गोष्टीची आहे. गाणं कुणाच्या मालकीचं, पब्लिशिंग म्हणजे काय, करारावर सही करताना कुठलं कलम वाचायचं, हेही या कॉलेजात शिकता येतं. आपल्याकडे विशारद होईपर्यंत कुणी यातलं अवाक्षर काढत नाही. भारतात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला 2012 उजाडावं लागलं. तोवर किती जणांनी एकरकमी मानधनावर आयुष्यभराची गाणी देऊन टाकली असतील! गाण्याला देव मानायचं आणि गाणाऱ्याच्या पोटाचं बघायचं नाही, हा आपला जुना दोष आहे. मला त्याची चीड येते.

आता धर्माचं. प्रवेशासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही, मात्र धर्माभ्यासाचे वर्ग चुकत नाहीत. माझ्या मते त्यात काही बिघडत नाही. बायबल न वाचता गॉस्पेल किंवा कंट्री कळेल कसं? 1951 पासून कॉलेज टेनेसीच्या बाप्टिस्ट पंथीयांचं होतं. 2007 मध्ये ते वेगळं झालं, आणि त्यासाठी 40 वर्षांत मिळून 1 कोटी 10 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. पण ख्रिस्ती ओळख सोडली नाही. अध्यापक ख्रिस्तीच हवेत ही अट पुढेही बराच काळ टिकली. ती मला मान्य नाही, कारण चांगला तबला शिकवणारा कुठल्या देवाचं नाव घेतो यावर त्याचा हात ठरत नाही. 2010 च्या डिसेंबरात इथल्या एका फुटबॉल प्रशिक्षिकेला आपण आणि आपली जोडीदारीण आई होणार असल्याचं सांगितल्यानंतर नोकरी सोडावी लागली, तेव्हा विद्यार्थी निदर्शनं करायला उतरले. ज्यांचं नाव बेलमाँटच्या म्युझिक बिझनेसच्या कॉलेजला आहे ते रेकॉर्ड कंपनीवाले माइक कर्ब जाहीरपणे विरोधात बोलले. जानेवारी 2011 मध्ये विश्वस्तांनी भेदभावाविरुद्धच्या धोरणात लैंगिक कलाचाही समावेश केला. गाण्याच्या धंद्यातल्या माणसाने चर्चच्या संस्थेला माणुसकीची आठवण करून दिली, हे धंद्याला नाकं मुरडणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावं.

आणि हे आपल्याला परकं कशाला वाटावं? गोव्यातल्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि सोल्फेज, म्हणजे पाश्चात्य स्वरवाचन, शिकलेली मुलंच मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत चिक चॉकलेटचा ट्रंपेट नसता तर? चर्चमध्ये शिकायचं आणि स्टुडिओत कमवायचं, ही वाट आपल्या अंगणातून गेलेली आहे.

माझी खरी काळजी फीची आहे. वर्षाची फीच 40 हजार डॉलरच्या वर, राहणं-खाणं वेगळं. प्रवेशाला ऑडिशन लागते. चांगली स्कॉलरशिप मिळाली तर जरूर पाठवा. नाही मिळाली तर गाण्यासाठी एवढं कर्ज काढू नका. जवळच्या मर्फ्रीस्बरो गावी सरकारी विद्यापीठात रेकॉर्डिंग इंडस्ट्रीचा उत्तम विभाग आहे, आणि टेनेसीच्या रहिवाशांना ते कितीतरी स्वस्त पडतं. ज्यांची मुलं यंदा बारावीला आहेत त्यांनी मला मेसेज करा. ऑडिशनला काय गावं यावर मुलांशी बसून बोलायला मी तयार आहे.